कुंभार्ली घाटातली घरघर

कराडहून चिपळूणला जायचे ठरले की आमच्या घरात आधी गाडीची चर्चा होते, सामानाची नंतर. गाडी म्हणजे 1998 सालची मारुती 800. तीन सिलिंडर, 796 सीसी, कार्बोरेटरवर चालणारी, एसी नसलेली. या गाडीचे उत्पादन जानेवारी 2014 मध्ये बंद झाले, पण आमच्या दारातून ती हललेली नाही, कारण ती अब्बांची आहे. अब्बा म्हणजे आमचे सासरे. घरात लहानथोर सगळे त्यांना अब्बाच म्हणतात. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली आणि त्यातली कितीतरी वर्षे याच कराड–चिपळूण रस्त्यावर गेली. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. तिचे बॉनेट घरात दुसऱ्या कुणी उघडायचे नाही, असा अलिखित कायदा आहे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत निघायचे कारण होते फूफू. अब्बांची धाकटी बहीण, गोवळकोटला दिलेली. जुलै 2021 च्या महापुरात तिचे घर पाण्यात गेले, त्यानंतर अब्बांचे गुडघे आणि आमच्या शाळेच्या सुट्ट्या यांचा मेळ बसलाच नव्हता. दर जुम्म्याला भावाबहिणीचे फोनवर बोलणे होई, तेवढेच.

निघण्याच्या पंधरा दिवस आधीपासून गाडी सकाळी सुरू केली की किंचाळायची. मिनिटभर किंचाळून गप्प व्हायची. हा आवाज ओळखायला मेकॅनिक लागत नाही. इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून एक रबरी पट्टा आल्टरनेटर आणि पाण्याचा पंप या दोघांना फिरवतो. पंखा या गाडीत विजेवर चालतो, तरी सगळे त्याला फॅनबेल्टच म्हणतात. पट्टा ढिला झाला की घसरतो आणि घसरला की ओरडतो. आम्ही अब्बांना सांगितले. ते म्हणाले, “कुठं? मला तर काही वाटत नाही.” तरी पाना घेऊन बसले. नट सैल केला, टॉमी लावून आल्टरनेटर मागे ओढला, पट्टा ताणला.

“आता?”

“थोडा येतोय अब्बा,” थोरली म्हणाली. ती आठवीत आहे.

असे तीन-चार वेळा झाले. शेवटी आवाज बंद पडला. अब्बांनी हात पुसले, आम्ही चहा ठेवला आणि विषय संपला असे सगळ्यांनी धरून चाललो.

सकाळी सफरची दुआ वाचून निघालो. हे गाडी चालवत होते, अब्बा पुढे, मागे आम्ही आणि दोन्ही मुले. कराडचे ते दोन जुने उंच मनोरे मागे पडले. कोयनेच्या काठाकाठाने मल्हारपेठ, पाटण असा हा रस्ता जातो. उसाचे फड, गुऱ्हाळाचा वास, मग हळूहळू डोंगर जवळ येऊ लागतात. कोयनानगरला अब्बा नेहमीची गोष्ट सांगतात, तशी यंदाही सांगितली. 11 डिसेंबर 1967 ची पहाट, भूकंप. ते तेव्हा तरुण होते, कराडच्या घरात झोपलेले. “आधी आवाज आला. जमिनीखालनं ट्रक गेल्यासारखा. मग खाट हलली.” ही गोष्ट आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून ऐकतो आहोत, पण आवाज आधी आला हे सांगताना त्यांचा हात अजूनही वर जातो.

धरणाचे पाणी इथून एक वेगळीच वाट धरते. एरवी कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि पाणी पूर्वेच्या समुद्राला जाते. पण अडवलेले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीकडे उतरते, वीज तयार करते आणि वाशिष्ठीत सोडले जाते. म्हणजे आम्ही वरून घाट उतरतो आणि पाणी आतून उतरते. मुलांना हे सांगितले, तर धाकट्याने विचारले, “मग आधी कोण पोचतं?” भूगोलाच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही.

हेळवाक सोडले की घाट लागतो. नोव्हेंबरचे ऊन, काचा खाली. आणि तिथे थोरली म्हणाली, “अम्मी, जातं फिरवल्यासारखं काय वाजतंय?”

आम्ही कान दिला. खरेच वाजत होते. किंचाळणे नव्हे. रिकामे जाते फिरवावे तशी घरघर आणि तिच्यावर एक बारीक शीळ, तेल न घातलेल्या शिलाई मशीनसारखी. गंमत अशी की रस्त्याच्या एका अंगाला दरड आली की आवाज मोठा व्हायचा आणि दरी उघडली की नाहीसा व्हायचा. कातळावर आपटून गाडीचा आवाज गाडीकडेच परत येत होता. नंतर मेकॅनिकने सांगितले की ते लोक मुद्दाम भिंतीजवळून काचा उघड्या ठेवून गाडी चालवतात, ते यासाठीच. आम्हाला हे घाटाने फुकट शिकवले.

“काही नाही,” अब्बा म्हणाले. “घाट उतरताना इंजिन बोलतंच. चल पुढं.”

यांनी आरशातून आमच्याकडे पाहिले. आता सांगायचे कसे? ज्या माणसाने या घाटात पावसात, धुक्यात, भरलेल्या एसट्या वरखाली केल्या, जो फक्त आवाजावरून कुठल्या वळणावर कुठला गिअर हे ठरवायचा, त्याला आठवीतल्या पोरीच्या सांगण्यावरून गाडी थांबवायला लावायची? पण आम्हाला वर्गात वीस वर्षे झाली. शेवटच्या बाकावरून “टीचर, दिसत नाही” म्हणणारे मूल सहसा खोटे बोलत नाही. आम्ही म्हणालो, “धाकट्याला मळमळतंय, जरा थांबा.” अल्लाह माफ करो, धाकटा मजेत बिस्किटे खात होता.

रुंद जागा पाहून गाडी थांबली. यांनी न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. घरघर वाढली. म्हणजे चाकांचा दोष नाही, कारण चाके तर उभी होती. क्लच दाबून पाहिला, फरक नाही. गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा आवाज असता तर क्लच दाबताच गेला असता. उलट क्लच दाबल्यावरच आवाज आला असता, तर क्लचच्या बेअरिंगवर संशय घेतला असता. हे सगळे यांना कुणी शिकवले? अब्बांनीच, आमच्या लग्नाच्या आधी, याच बॉनेटपुढे उभे करून. आणि आता अब्बा पुढच्या सीटवर बसून दरीकडे बघत होते.

ऑइलचा दिवा लागलेला नव्हता. तो लागला असता तर किल्ली बंद करून तिथेच बसलो असतो, कारण ऑइलशिवाय इंजिन काही मिनिटांत कायमचे जाते. तापमानाचा काटा मधोमध होता. कूलंटच्या बाटलीत पाणी मात्र खुणेच्या खाली गेले होते. भर लोड चढावर असतो, उतारावर इंजिनाला श्रम कमी. तेव्हा सावकाश, काट्यावर नजर ठेवून उतरायचे ठरले. पोफळी, अलोरे, शिरगाव अशी गावे मागे पडली. त्या वीसेक किलोमीटरमध्ये गाडीत कुणी बोलले नाही. धाकटासुद्धा.

कराडचा रस्ता चिपळुणात बहादूरशेख नाक्याला मुंबई–गोवा महामार्गाला मिळतो. त्या बाजूच्या एका छोट्या गॅरेजात गाडी लावली. मेकॅनिक पन्नाशीचा, कामात बुडालेला. म्हणाला, “आज ठेवून जा, सकाळी थंड इंजिनावर ऐकतो. गरम इंजिन अर्धं खोटं बोलतं.” रिक्षा करून आम्ही गोवळकोटला गेलो.

फूफूच्या घराच्या भिंतीवर पुराची रेघ तिने मुद्दाम ठेवली आहे. रंग काढताना तेवढी पट्टी सोडून दिली. रेघ आमच्या डोक्याच्या वर आहे. 22 जुलैच्या त्या पहाटे पाणी आले तेव्हा ती माळ्यावर चढली, दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच होती. घरातले काय गेले याची यादी तिने आम्हाला सांगितली नाही. तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचे सालन पुढे ठेवले आणि अब्बांना म्हणाली, “भाई, वो गाडी अभी तक बेची नै?”

अब्बा म्हणाले, “हां हां, सब ठीक.”

आम्ही हसलो. वाटले, गाडीचा विषय ते टाळत आहेत.

दुपारी असरची अजान झाली. कोकणी मुसलमान शाफई आहेत, त्यांची असर आमच्या हनफी वेळेच्या आधी होते. अब्बा खाटेवर तसेच बसून राहिले. आम्हाला वाटले, आपली वेळ व्हायची आहे म्हणून बसले असतील. फूफू स्वयंपाकघरात आमच्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, “दुल्हन, त्याला ऐकू आलेली नाही. तुम्हाला माहीत नाही का? दोन वर्षं झाली, फोनवर मी काहीही विचारलं तरी हां हां, सब ठीक म्हणतो. पूर आला त्या रात्रीचं मी त्याला चारदा सांगितलं. दर वेळी त्याने पहिल्यांदा ऐकल्यासारखं केलं.”

आम्ही एका घरात राहतो. टीव्हीचा आवाज वाढत गेला तेव्हा आम्ही मुलांना रागावलो. थोरलीच्या बोलण्याला अब्बा उत्तर देत नाहीत तेव्हा वाटले, वयाने थोडे चिडचिडे झाले आहेत. वय झाले की कान आधी बारीक, उंच स्वर सोडतात, जाड स्वर बरेच दिवस टिकतात. म्हणून यांचा आवाज अब्बांना कळतो, पोरीचा नाही. स आणि श, फ आणि थ हे सगळ्यात आधी जातात. इमला घेताना सीन आणि शीन यांत गोंधळणारी मुले आम्ही रोज पाहतो. पहिले काम म्हणून त्यांना पुढच्या बाकावर आणतो. घरात मात्र हे सुचले नाही. पट्ट्याचे किंचाळणे अब्बांना ऐकूच येत नव्हते. पोरे गप्प होईपर्यंत ते नुसते ताणत गेले होते.

सकाळी अब्बा आमच्याबरोबर गॅरेजवर आले. मेकॅनिकने बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले, जुन्या हकिमांनी नाडी धरण्याआधी विचारावे तसे. आवाज थंडीत जास्त की गरम झाल्यावर? वेग वाढला की वाढतो का? आधी दुसरा कुठला आवाज होता का? थंड असताना टकटक आणि गरम झाल्यावर बंद, हे सहसा टॅपेटचे किंवा पिस्टनचे लक्षण. उलट ऑइल तापून पातळ झाल्यावर खोल ठोके येऊ लागले, तर आतली बेअरिंग गेली समजायचे आणि पैसे मोजायला लागायचे. टॅपेटची टकटक त्याने आम्हाला शेजारच्या गाडीवर ऐकवली. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून ती इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा पडते. बोटाने ताल धरला की कळते.

मग त्याने हातभर लांबीचा पेचकस घेतला. टोक आल्टरनेटरच्या अंगावर, मूठ कानामागच्या हाडावर. “ओढणी मागे घ्या भाभी, पट्टा चालू आहे.” यांनी ऐकले, थोरलीने ऐकले. आल्टरनेटरमध्ये नुसती गुणगुण. पाण्याच्या पंपावर टोक ठेवताच जाते फिरू लागले. अब्बांनी पेचकस मागून घेतला. आधी आल्टरनेटरवर, मग पंपावर ठेवला. बराच वेळ वाकून उभे राहिले. मग काही न बोलता पेचकस परत दिला.

मेकॅनिकने त्यांच्याकडे एकदा पाहिले. इंजिन बंद केले, पट्टा उतरवला. पट्ट्याशिवाय काही सेकंद इंजिन चालवून दाखवले. पंप थांबलेला असल्यामुळे काही सेकंदच. घरघर नाहीशी. मग इंजिन बंद करून म्हणाला, “चाचा, जरा तुम्ही हात लावून सांगा.”

अब्बांनी पंपाची पुली बोटांत धरून हळू फिरवली. डोळे मिटले होते. एक फेरा, दुसरा फेरा. मग पुली धरून वरखाली हलवली, ती किंचित हलली. “दाणे आलेत यात,” अब्बा म्हणाले. “आणि प्ले आहे. बेअरिंग गेलं.” बोट पंपाच्या खालून फिरवले, ते ओले होऊन आले. सील झिजले की पाणी तिथल्या बारीक भोकातून टिपकायला लागते. बाटलीतले पाणी त्या वाटेने गेले होते.

“पट्टा फार आवळलेला होता,” मेकॅनिक म्हणाला. “मधोमध अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटरभर तरी दबला पाहिजे. हा तारेसारखा होता. सगळा ताण बेअरिंगवर. कुणी आवळला?”

“मी,” अब्बा म्हणाले. मग थोडे थांबून, यांच्याकडे न बघता, “मला ऐकू येत नव्हतं. पोरं सांगतील तसा आवळत गेलो.”

कुणी काही बोलले नाही. मेकॅनिक पाना शोधायला आत गेला. त्याला खरेच पाना हवा होता की नाही, कोण जाणे.

नवा पंप दुकानातून यायला दुपार झाली. तोवर आम्ही बाकड्यावर बसून पुराच्या गोष्टी ऐकल्या. या गॅरेजात त्या दिवसांत चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. ज्यांनी टो करून आणल्या त्यांच्या बऱ्याच वाचल्या. बॅटरी सोडवायची, प्लग काढायचे, इंजिन हाताने फिरवायचे. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडायच्या. ऑइल दुधाच्या चहासारखे निघायचे, ते पुन्हा पुन्हा बदलायचे. पण ज्यांनी घाईने किल्ली फिरवली, त्यांची गोष्ट वेगळी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. “लोकांचं घर गेलं होतं, दुकान गेलं होतं,” तो म्हणाला. “गाडी तरी चालते का बघू म्हणून किल्ली फिरवायचे. कुणाला काय सांगणार?” त्यातल्या काही गाड्या अजून येतात. त्यांचा ठोका त्याला रस्त्यावरूनच ओळखू येतो.

आमची गाडी उघडलेलीच होती, तेव्हा त्याने टायमिंग बेल्टही पाहिला. त्याच्या कडा फाटू लागल्या होत्या. आम्ही म्हणालो, त्याचा तर काहीच आवाज नव्हता. तो म्हणाला, “त्याचा नसतोच. एक दिवस तुटतो आणि गाडी जिथल्या तिथे उभी.” म्हणून तोही बदलला. आमच्या मते ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी एवढे एक लक्षात ठेवावे. हा पट्टा आवाजाची वाट न बघता किलोमीटर मोजून बदलायचा असतो. आम्ही शेवटचा कधी बदलला, हे घरात कुणालाच आठवले नाही.

दोन दिवस राहून निघालो. निघताना फूफू अब्बांच्या अगदी समोर बसली. त्यांचा हात धरून, तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश एकेक शब्द जोडत तिने पुराची रात्र पुन्हा सांगितली. या वेळी अब्बांनी प्रश्न विचारले. माळ्यावर किती वेळ होतीस? प्यायला पाणी होते का? कंदील होता का? आम्ही मुलांना घेऊन बाहेर रिक्षाच्या आडोशाला उभे राहिलो. सामान कधीचे बांधून झाले होते.

गाडी परत घाटाला लागली तेव्हा अब्बा मागे बसले. “पोरीला पुढं बसू दे,” म्हणाले. चढाला हे दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये रेटत होते. एका वळणावर थोरली मागे वळून, अगदी हळू, अब्बांकडे तोंड करून म्हणाली, “अब्बा, डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतंय. आधी नव्हतं.”

“चढावर जोर पडल्यावरच ना?”

“हो.”

“नॉकिंग आहे. पेट्रोल वेळेआधी पेटतं. बापाला सांग, गिअर खाली टाक, इंजिन मारू नकोस.”

यांनी मुकाट्याने दुसरा टाकला. खडे थांबले.

“आता?” अब्बांनी विचारले.

“आता नाही.”

हेळवाकला चहासाठी थांबलो. चहा येईपर्यंत अब्बांनी बॉनेट उघडले, थोरलीला जवळ बोलावले आणि तिचा अंगठा धरून नव्या पट्ट्याच्या मधोमध दाबून दाखवला. मंगळवारी कराडला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.